रँस, अकरा वीस ते अकरा पंचवीस

ज्या शहरात आठशे वर्षं फ्रान्सच्या राजांना मुकुट चढवला गेला, त्या शहरापुढे प्रत्येक फ्रेंच माणसाने आयुष्यात एकदा तरी मान तुकवली पाहिजे, याबद्दल आमच्या गावात दुमत नाही. शेव्रोलमधला साठीपुढचा प्रत्येक माणूस रँसला जाऊन आलेला आहे. कुणी गुडघ्यासाठी, कुणी मोतीबिंदूसाठी, कुणी मूतखड्यासाठी. इस्पितळाच्या आवारात गाडी कुठे लावली की दुपारी सावली येते, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. कॅथेड्रल मात्र कुणीच पाहिलेलं नाही. ते इस्पितळाच्या वाटेवर लागत नाही.

त्यामुळे जानेवारीत उत्सव समितीच्या बैठकीत आर्लेतबाईंनी यंदाची एका दिवसाची सहल रँसला न्यावी असं सुचवलं, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

आर्लेतबाई गावातल्या शाळेच्या बाई. वय त्र्याऐंशी. पस्तीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत सगळे वर्ग शिकवले आणि त्या खोलीत बसून आम्ही सगळे मोठे झालो. समितीचा अध्यक्ष रेजिस, ज्याने पुढे साठ हेक्टरांवर बीट पिकवलं. उपाध्यक्ष जोसियान, जिने खाटकाचं दुकान तीस वर्षं चालवलं. आणि सचिव मी, जो उपजिल्हा कचेरीत इतरांनी घेतलेले निर्णय टंकलिखित करतो. तिघेही बाईंसमोर अजून पाठ ताठ करून बसतो.

बाईंनी कारण सांगितलं. इतिहासाच्या पुस्तकात एका पानावर कॅथेड्रलच्या हसऱ्या देवदूताचा फोटो होता. पहिल्या महायुद्धात त्याचं मुंडकं तुटून पडलं, लोकांनी ते जपून ठेवलं आणि पुन्हा बसवलं, तरी त्याचं हसू गेलं नाही, हा धडा त्यांनी पस्तीस वेळा शिकवला. प्रत्यक्ष देवदूत पाहायचा राहून गेला. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं चाललं. आता डॉक्टर म्हणत होते की त्यांच्या नजरेचा मधला भाग पुसत चाललाय. उन्हाळ्यापर्यंत चेहरे ओळखू येतील. पुढचं सांगता येत नाही.

हे त्यांनी शुद्धलेखन घालावं तशा आवाजात सांगितलं. टेबलावर बदामाचा केक होता, तो कुणी कापला नाही. सहल एकमताने मंजूर झाली. मी इतिवृत्तात तसं लिहिलं, आणि पूर्णविराम द्यायच्या आत रेजिसने विचारलं, "आणि जेवण?"

बाहेरच्या माणसाला वाटेल की रेजिस असंवेदनशील आहे. तसं नाही. सतरा मे हा दिवस ठरला होता, एकोणपन्नास माणसं येणार होती, आणि एकोणपन्नास माणसांना बारा वाजता एका वेळी जेवायला वाढील अशी जागा शोधणं ही जबाबदारी आहे. आमच्याकडे बारा म्हणजे बारा. सव्वाबाराला जेवणारा माणूस आजारी समजला जातो.

जोसियान फेब्रुवारीत नवऱ्याच्या डोळ्याच्या तपासणीला रँसला गेली होती, तेव्हा तिने तीन जागा बाहेरून पाहून घेतल्या. तिन्ही ठिकाणी चौकोनी ताटल्या होत्या. "चौकोनी ताटलीत वाढणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला चांगलं माहितीये," ती म्हणाली. "कोपऱ्यांत काही नसतं." खाटकाच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाईपुढे कोण काय बोलणार. शहरातलं जेवण रद्द झालं.

शेवटी रेजिसच्या मेव्हणीचं लग्न जिथे झालं होतं ती जागा निघाली. शहराच्या पलीकडे पंचवीस किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या उतारावर. गोल ताटल्या, पाच पदार्थ, शेवटच्या गोडाबरोबर शँपेन, आणि नाचायला लाकडी जमीन. रेजिस स्वतः जाऊन खाऊन आला आणि बदकाबद्दल त्याने जो अहवाल दिला तो समितीच्या इतिहासातला सगळ्यात सविस्तर अहवाल आहे. मी तो पूर्ण लिहून घेतला.

पहिल्या आराखड्यात कॅथेड्रलला दीड तास होता. सकाळी आठला निघायचं आणि दहाला पोचायचं. पंचावन्न किलोमीटरला दोन तास, कारण मध्ये कॉफी. मग कॅथेड्रल, मग जेवण. पण कुणीतरी म्हणालं की शँपेनच्या गावात जाऊन ती मुरवायचं तळघर पाहिलं नाही तर लोक हसतील. म्हणून तळघर घातलं आणि कॅथेड्रलला चाळीस मिनिटं उरली. मग कळलं की तळघराला शंभरावर पायऱ्या आहेत, आणि ज्या लोकांचे गुडघे रँसमध्येच बसवले गेले होते त्यांना त्या उतरता येणार नव्हत्या. तळघर काढलं. वाचलेला वेळ कॅथेड्रलला परत द्यावा असं मी सुचवणार होतो, तेवढ्यात तो जेवणाआधीच्या पेयाला गेला. उभ्याने पिऊन लगेच टेबलावर बसणं पोटाला बरं नाही, असं जोसियान म्हणाली, म्हणून ते पेय शहराच्या अलीकडेच, दहा ते अकरा, घ्यायचं ठरलं.

मी जेवणानंतरचा वेळ सुचवला. जेवण तीनला संपणार. मग नाच. नाच कशाला, असं विचारायची सोय नव्हती, कारण लाकडी जमीन सांगून ठेवली होती.

"मग अकरा ते बारा?" मी म्हटलं. "बसमधून काही जण उतरतील, बाकीचे पुढे जातील."

"आणि बारा वाजता ते काय करतील?" रेजिसने विचारलं. "कॅथेड्रल बारा ते दोन बंद."

हे मला पटलं. बारा ते दोन सगळंच बंद असतं. आमची बेकरी, पोस्ट, नगरपालिका, दवाखाना, आमचं स्वतःचं चर्चसुद्धा. देव काही वेगळ्या वेळेला जेवत नाही. तरी कर्तव्य म्हणून मी फोन करून खात्री करणार होतो. पण कचेरीत मला मोकळा वेळ मिळतो तो फक्त बारा ते दोन, आणि त्या वेळात फोन करणं म्हणजे जेवत्या माणसाला उठवणं. मी केला नाही. तीन महिन्यांत एकदाही केला नाही. इतिवृत्तात मात्र मी लिहिलं, "चौकशी चालू आहे."

एप्रिलअखेर चौथा आराखडा छापून घरोघर वाटला गेला. वर मोठ्या अक्षरांत "राज्याभिषेकांची नगरी रँस", शेजारी मुकुटाचं चित्र. खाली आठ वाजल्यापासून सहा वाजेपर्यंतचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी आर्लेतबाई हातात भिंग घेऊन सभागृहात आल्या. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला, आणि आमची सगळ्यांची पाठ सरळ झाली.

"रेजिस, यात रँस कुठे आहे?"

"बाई, अकरा वीस ते अकरा पंचवीस."

"तेव्हा बस थांबणार आहे?"

"हळू होणार आहे, बाई. डाव्या बाजूला मनोरे दिसतात. चांगले दिसतात."

म्हणजे देवळात न जाता रस्त्यावरून शिखराला हात जोडायचे, तसा प्रकार. बाईंनी भिंग कागदावरून वर उचललं आणि रेजिसवर धरलं. तो साठीला आलाय, पण भिंगातून तो नऊ वर्षांचा दिसला असणार.

"मला तिथे उतरवा," त्या म्हणाल्या. "परत जाताना घ्या."

यावर जी चर्चा झाली तिच्यात समितीचं मन किती मोठं आहे ते दिसलं. बाईंना एकटं सोडणं शक्य नव्हतं. दृष्टी अधू, शहर परकं. पण खरा मुद्दा जोसियानने मांडला, आणि मांडताना तिचा आवाज भरून आला. बाई जेवणार कुठे? त्र्याऐंशी वर्षांच्या बाईंना बंद दारासमोर दोन तास उपाशी बसवून आम्ही बदक खायचं? हे कुणाच्या घशाखाली उतरलं असतं? ठराव झाला की बाईंनी जेवायलाच यावं, डाव्या बाजूची खिडकी त्यांना राखून ठेवावी, आणि ड्रायव्हरने वेग शक्य तितका कमी करावा. बाईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "बरं."

पन्नास वर्षांपूर्वी हे "बरं" ऐकलं की आम्ही वह्या लपवायचो. त्या दिवशी आम्हाला वाटलं, पटलं त्यांना.

सतरा मेला बस वेळेवर निघाली. कॉफीला अर्धा तास ठरला होता, पाऊण तास लागला, त्यामुळे पेय घाईने आटोपलं. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी आम्ही शहरातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर आलो आणि घरांच्या वर दोन मनोरे दिसले. अठ्ठेचाळीस माणसं डावीकडे सरकली. बस थोडी कलली असावी. रेजिसने माइक घेतला आणि कागदावरून वाचायला सुरुवात केली की इथे राजांना मुकुट चढवला जात असे.

बाई उठल्या. सीटच्या पाठी धरत धरत पुढे गेल्या आणि ड्रायव्हरच्या मागे उभ्या राहिल्या.

"दिदिए."

दिदिएचं वय बावन्न. त्याला बाईंनी एक वर्ग दोनदा शिकवला होता.

"बाई, बसा ना. बस चालू आहे."

"पुढच्या वळणाला बाहेर घे."

"बाई, बारा वाजता तिकडे पोचायचंय. अध्यक्षांनी सांगितलंय."

"अध्यक्षांना पाढे कुणी शिकवले?"

दिदिएने इंडिकेटर लावला. रेजिसचा माइक चालू होता, त्यामुळे त्याचा उसासा सगळ्या बसने ऐकला. त्याने घड्याळ पाहिलं.

एका झाडाखाली बस थांबली. बाई खाली उतरल्या आणि कोणत्या दिशेला चालायचं ते न विचारता चालू लागल्या, चुकीच्या दिशेला. कुणीतरी बरोबर जायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण चौकशी माझ्याकडे चालू होती. मी उतरलो. जोसियानने खिडकीतून एक केळं दिलं. तिचे डोळे ओले होते. बस गेली, आणि तिच्याबरोबर ज्याचा अहवाल मी स्वतः लिहिला होता ते बदकही गेलं.

वाटेत मी बाईंना घाई करत होतो. बाराच्या आत दार गाठायला हवं. सरकारी ओळखपत्र दाखवून बघू, एखादा माणूस दोन मिनिटं उशिरा कुलूप लावेल. बाई माझ्या दंडाला धरून आपल्या चालीने चालत होत्या. "तू लहानपणीही वर्गात सगळ्यात आधी घंटेकडे बघायचास," त्या म्हणाल्या.

चौकात पोचलो तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती. मी त्यांना सोडून दाराकडे पळत गेलो. दारावर पाटी होती. ती मी दोनदा वाचली. संध्याकाळी सव्वासातपर्यंत उघडं. मधल्या सुट्टीचा उल्लेख कुठेच नव्हता. आत माणसं फिरत होती, भर जेवणाच्या वेळेला, कुणाच्या चेहऱ्यावर अपराधाची खूणसुद्धा नव्हती.

मी त्यांना बोलवायला वळलो तर बाई आत येतच नव्हत्या. बाहेर, डावीकडच्या दाराशी, मान वर करून उभ्या होत्या. मी जवळ गेलो. तिथे दगडी माणसांची रांग होती आणि रांगेत एकजण हसत होता.

"बाई, हाच का?"

"गप्प."

त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्याच्या शेजारच्या संताकडे बघत होत्या. मला वाटलं चुकल्या, आणि मी बोट दाखवलं.

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. "सरळ बघितलं की मधे डाग येतो. शेजारच्याकडे बघितलं की हा दिसतो."

"दिसतो ना?"

"दिसतो." बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. संताला कुणी इतकं निरखून पाहिलं नसेल. मग म्हणाल्या, "पुस्तकात थोडा सभ्य वाटायचा. हा तर कुणाची तरी खोडी काढून आलाय." त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं, आणि रुमाल परत ठेवला.

इतकी वर्षं तो इथे रस्त्यावर उभा होता. तिकीट नाही, दार नाही, वेळ नाही. आमच्या इस्पितळाच्या फेऱ्यांत कधीही, कुणीही, गाडी थांबवून पाहू शकलं असतं.

बारा वाजले. घंटा झाली. काही बंद झालं नाही. चौक रिकामा झाला, सगळे जेवायला गेले होते, आणि बाई अजून संताकडे बघत होत्या. मग त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "झालं माझं."

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. बस पाच वाजता येणार होती.