दुसऱ्या कडव्याची अट

दारूचे आणि जुगारघरांचे परवाने मिळवून देण्यात बॅरिस्टर इमोजेन थॅकरेची वीस वर्षं गेली होती. लंडनचे बडे कसिनोवाले तिच्या दारात ताटकळत. पण आज यॉर्कशरमधल्या या टाऊन हॉलात तिची गाठ सगडेनबाईंशी होती. शेजारच्या क्लिफर्डच्या पबला गाण्याबजावण्याचा परवाना पुन्हा द्यायला बाईंचा सक्त विरोध होता.

"ही म्हातारी मला बुडवणार," तिचा अशील क्लिफर्ड कुजबुजला.

"तू गप्प बस," म्हणत इमोजेन उठली. "बाई, नेमका त्रास कसला होतो?"

"पबातले मेले दर शुक्रवारी तेच गाणं गातात, आणि दुसरं कडवं दरवेळी चुकतात! तीन वर्षं ऐकतेय, डोकं उठलंय माझं!"

परवाना समितीतले तिघेही हसू दाबत कागदांत डोकं घालून बसले. विरोध कितीही कडवा असो, तो एखाद्या अटीत बसवायचा, हेच इमोजेनच्या धंद्यातलं खरं कसब. तिने तिथल्या तिथे अट लिहून दिली: शुक्रवारचं गाणं सगडेनबाई शिकवतील तसंच म्हटलं जाईल.

बाईंनी चष्मा लावून अट दोनदा वाचली.

"अर्धंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पियानो मीच वाजवणार, तेही घाला."