बुंध्यावरची तपकिरी धूळ

“काही नाही हो आई, वाळक्या लाकडावरची बुरशी आहे ती. झाडाला धोका नाही,” सुनेने खिडकीतूनच निकाल देऊन टाकला.

पलंगावरच्या सासूबाई निश्चिंत झाल्या. “तू म्हणतेस ना, मग झालं!”

उभा जन्म प्रयोगशाळेत बुरश्या ओळखण्यात गेलेली ही सून. नवख्यांना दटावायची, “वरून बघून नाव सांगायचं नाही. आधी पोट बघा, खालची बाजू!” आणि आज स्वतःच? पण करणार काय! खिडकीबाहेरचं ते झाड सासऱ्यांनी लावलेलं. पाय गेल्यापासून सासूबाईंना जग म्हणून तेवढंच उरलं होतं.

मन मात्र खात राहिलं. संध्याकाळी ती खाली उतरली. बुंध्याला ताटलीएवढी, लाकडासारखी टणक बुरशी चिकटली होती. तिच्यावर, आजूबाजूच्या पानांवर कोको सांडावा तशी तपकिरी धूळ. पोटाची बाजू पांढरीशुभ्र. तिने नखाने रेघ ओढली. रेघ तपकिरी झाली. जिवंत झाडाचा गाभा खाणारी हीच ती. बुंधा ठोकला, तर आवाज पोकळ.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली धरली. डोळ्यांना दिसूही नये एवढा कण, आणि त्याला दोन-दोन भिंती! इतकी वर्षं पाहूनही तिच्या अंगावर काटा आला. ही त्याच बुरशीची खूण; शंका उरली नाही.

घरी येऊन तिने बुरशीचा तुकडा आणि भिंग सासूबाईंच्या हाती दिलं.

“अगंबाई! इतकी बारीक भोकं? आणि सगळी एकसारखी! कोणी पाडली गं?”

“कोणी नाही. तिची तीच पाडते. प्रत्येकातून धूळ झरते, रात्रंदिवस.”

“माझ्या डोळ्यांदेखत? आणि मला पत्ताच नाही!” त्या भिंग खाली ठेवेनात.

“आई, मी चुकले. झाड आतून पोखरलंय. कधीही रस्त्यावर पडेल.”

सासूबाईंनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं. “मग कोणाच्या अंगावर पडायच्या आत पाडा.”

करवतवाला आला तेव्हा सून म्हणाली, “खिडकी लावून घेऊ का?”

“लावतेस कशाला? मला खाली ने. जन्माची सोबत आहे, निरोप काय वरून देतात?”

सुनेने आणि करवतवाल्याने मिळून त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. करवतवाला ताटकळत उभा राहिला. मग “हं, चालू दे,” म्हणत त्यांनी स्वतःच हात काढून घेतला.