पोटात ठेवलेले चांदीचे बटण

मी एक जुना लोखंडी रोलर आहे. मित्रांनो, स्वतःविषयी बोलण्याची मला सवय नाही. ज्याचे काम लोळण्याचे, त्याने बोलावे कशाला, असे मला नेहमी वाटते. सांगताना काही मागेपुढे झाले तर तेही मला कळणार नाही. पण अठ्ठावीस वर्षे मी एका माणसावर दात धरून होतो. ती गोष्ट मलाच सांगायला हवी, कारण इतरांनी ती सांगितली तेव्हा खोटीच सांगितली.

इप्सविचच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. बाहेरून गुळगुळीत, आतून पोकळ, वजनाला तरण्या बैलाइतका. माझ्या कुशीला एक भोक आहे. मला जड करायचे असेल तर त्यातून वाळू भरायची. थॉर्नकोमच्या शाळेत मी आलो तेव्हा ती शाळा तीनशेहून अधिक वर्षांची होती, आणि प्रत्येक गोष्ट पूर्वीपासून तशी होती म्हणूनच तशी करत होती. सुरुवातीला मला डचेस नावाची घोडी ओढत असे. गवतात टापा रुतू नयेत म्हणून तेव्हा पोरसवदा असलेला अमोस पेनेल तिच्या पायांत चामड्याचे बूट चढवी. पुढे डचेस गेली, मोठ्या माणसांनी मला ओढले, आणि पेनेल मैदानाचा प्रमुख झाला.

तो रोज सकाळी खेळपट्टीत अंगठा रोवून पाही, मग अंगठ्याचा वास घेई. रविवारी माझ्या आसाला तेल घाली. "कुरकुरू नकोस रे," तो म्हणे. "त्यासाठी इथे मास्तर पुष्कळ आहेत." फाटकाजवळच्या लहान घरात तो आणि त्याची मुलगी एडी राहत. घर शाळेचे होते. नोकरी असेपर्यंत त्याचे.

दर जूनमध्ये माजी विद्यार्थ्यांशी क्रिकेटचा सामना होई. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी कप्तानाला चांदीचे बटण मिळे. त्यावर त्याचे नाव आणि साल कोरलेले असे. सामन्याच्या सकाळी, न्याहारीपूर्वी, ते बटण कोटाला लावून कप्तान माझ्या दांड्यावर बसे आणि नवी मुले मला खेळपट्टीवरून बारा वेळा ओढत. ही 'कप्तानाची फेरी'. फेरीत काय झाले ते बाहेर बोलायचे नाही, असा दंडक होता. आणखीही एक दंडक होता. पेनेलने आपली टोपी काढून स्टंपवर ठेवली, तरच फेरी निघायची.

१९३४ साली सामन्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी कप्तान रूपर्ट लॅस्कम आला. देखणा, उंच मुलगा. त्याचे बटण एका दोऱ्यावर लोंबत होते.

"टोपी काढ, पेनेल."

"माती ओली आहे, साहेब. वाळली की करू. दुपारपर्यंत वाळेल."

"फेरी न्याहारीपूर्वी होते."

"ओल्यात रोलर फिरवला तर वर पापुद्रा धरतो. ऊन पडलं की तो फुटणार, आणि चेंडू कुणाच्या तरी तोंडावर जाणार."

"माझ्या साली फेरी उशिरा झाली, असं लोक म्हणायला नकोत. तुझं काय, तुझं नाव कुठे कोरायचंय?"

पेनेलने अंगठा विजारीला पुसला. टोपी डोक्यावर तशीच ठेवून तो न्याहारीला घरी गेला. तो दिसेनासा झाल्यावर लॅस्कमने दहा मुलांना बोलावले. मी ओल्या मातीवरून बारा वेळा गेलो. मला थांबता आले नाही, याची खंत अजून आहे. सातव्या खेपेला लॅस्कम वाकून मागच्या मुलाला स्टंपने डिवचत होता. तेवढ्यात दोरा तुटला आणि ते बटण माझ्या कुशीतल्या भोकातून थेट पोटात पडले. त्या वेळी त्याला ते कळलेही नाही.

दुपारी ऊन पडले. तिसऱ्याच षटकात चेंडू उसळला आणि माजी विद्यार्थ्यांकडून खेळणाऱ्या एका बिशपचे पुढचे दोन दात पडले.

मुख्याध्यापकांनी चौकशी केली ती पॅव्हेलियनपाशी, माझ्या शेजारीच.

"पेनेलनेच मुलांना बोलावून फिरवला असेल, सर," लॅस्कम म्हणाला. "मी अंथरुणात होतो. आज फेरी झालीच नाही."

"आणि तुझं बटण?"

"काल जेवणानंतर नदीवर पोहायला गेलो होतो. तिथे हरवलं."

दहा मुलांनी आपापल्या बुटांकडे पाहिले. दंडक म्हणजे दंडक.

"मी टोपी काढली नव्हती, साहेब," पेनेल म्हणाला.

"टोपीची साक्ष कशी काढायची, पेनेल?" मुख्याध्यापकांनी विचारले. त्यांचा आवाज दुष्ट नव्हता. त्याचाच मला अधिक राग आला.

शनिवारपर्यंत फाटकाजवळचे घर रिकामे झाले. हातगाडीवर सामानाच्या टोकाशी बसलेल्या एडीच्या मांडीत चहाची किटली होती. शाळेने इंजिनाचा रोलर घेतला आणि मला पॅव्हेलियनमागे ढकलून दिले. ढकलताना माझ्या पोटात टिकटिक झाली. खडा असेल, असे सगळ्यांना वाटले.

मित्रांनो, मला गंज चढला. अंगावर खाजरा पाला माजला, पोटात साळिंदरासारखा एक काटेरी जीव पानांचे घर करून राहिला. तेल घालणारा हात गेला होता. मी लॅस्कमच्या पायाच्या बोटांचा विचार करत पडून असे. दहाही बोटांचा, एकेकाचा, सावकाश. हे मुलांना सांगण्यासारखे नाही, मला ठाऊक आहे. पण खोटे कशाला सांगू?

१९६२ साली शाळेला चारशे वर्षे झाली. एडी आता शाळेची मुख्य स्वयंपाकीण होती आणि पेनेल गावातल्या म्हाताऱ्यांच्या धर्मादाय आश्रमात होता. नियामक मंडळाचे अध्यक्ष होते सर रूपर्ट लॅस्कम. बंद पडलेली फेरी पुन्हा सुरू करायचे त्यांनी ठरवले. मला बाहेर काढून, गंजावरच हिरवा रंग फासला. त्या सकाळीही पाऊस नुकताच थांबला होता. एडीने वडिलांना चाकांच्या खुर्चीतून आणले होते. त्यांनी काठी खेळपट्टीत रोवून तिच्या टोकावरची माती अंगठ्याने चाचपली आणि एडीच्या कानात काही सांगितले.

सर रूपर्ट भाषण करत होते. "माझी स्वतःची फेरी मात्र हुकली. आदल्या संध्याकाळी बटण नदीला अर्पण केलं, आणि सकाळी मी घोरत होतो. तेवढ्यात आमच्या पेनेलने परस्पर रोलर फिरवला, आणि बिशपसाहेबांना महिनाभर पेजेवर राहावं लागलं."

सगळे हसले. एडी चहाची किटली घेऊन पुढे आली.

"बाबा म्हणतात, माती ओली आहे, साहेब."

"कोण बाबा?"

"अमोस पेनेल."

सर रूपर्टनी तिच्या किटलीकडे बोट केले. "बाई, तुम्ही चहाचं बघा. परंपरा स्वयंपाकघरातून चालत नाहीत." आणि ते माझ्या दांड्यावर बसले.

मुलांनी ओढले. चार हात गेलो आणि चिखलात रुतलो. मुलांनी मला पुढेमागे हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला माझी गंजलेली कूस फाटली, आणि गंजाचा भुगा, सुकी पाने आणि एक काळपट बटण चिखलात पडले.

एका मुलाने ते बाहीला पुसून मोठ्याने वाचले. "आर. लॅस्कम. १९३४."

एडी म्हणाली, "नदी फारच वर चढली होती म्हणायची, साहेब, त्या साली."

बटण तिने वडिलांच्या हातात दिले. पेनेलने ते अंगठ्याने चोळले, पाहिले आणि परत केले. "दे त्याला. त्याचंच आहे." मग त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली. सर रूपर्ट चिखलात उतरले. महिन्याभरात त्यांनी अध्यक्षपद सोडले. शाळेने पेनेलची लेखी माफी मागितली. ते पत्र त्यांनी आश्रमातल्या खिडकीची फट बुजवायला वापरले, असे एडी सांगे.

मी काहीच केले नाही, असे कुणी म्हणेल. कदाचित खरेही असेल, कूस फाटली ती गंजामुळे. पण तो गंज मी अठ्ठावीस वर्षे जपला होता. पेनेलने त्याला माफ केले की नाही, मला माहीत नाही. मी केलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळच्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल घाला, आणि ज्याच्या अंगठ्याला माती कळते त्याला आधी विचारा. १९६२ च्या त्या सकाळी तरी लॅस्कमने पेनेलचे एकदा ऐकले असते, तर बटण आजही माझ्या पोटातच असते.