कुलपांच्या वाट्याचे औषध

मित्रांनो, माझ्यावर उभे राहिले की माणसे श्वास रोखून धरतात. श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही आणि वाढतही नाही, पण हे सांगणार कसे? मला तोंड नाही. मला आहे ती एक दांडी, तिच्यावर सरकणारे पितळी वजन आणि पायाशी खडबडीत लोखंडी पाट. मी एक जुना वजनकाटा आहे.

सुरुवातीला मी एका व्यायामशाळेत होतो. तिथे प्रत्येकाला माझा आकडा कमी हवा असायचा. मग मी कर्करोगाच्या रुग्णालयात आलो, तर इथे प्रत्येकाला तो जास्त हवा! दोन्हीकडे बोलणी मात्र मलाच.

माझी नेमणूक संशोधन विभागात झाली. तिथे नवी औषधे रुग्णांच्या संमतीने, अगदी मोजूनमापून देऊन पाहतात. औषध किती द्यायचे ते रुग्णाच्या वजनावरून ठरते. म्हणजे आधी मी, मग डॉक्टर! तिथल्या सिस्टर मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "आमचा काटा कधी खोटं बोलत नाही." मी फुगून जायचो. आकड्यात मात्र ते दिसू दिले नाही.

एके दिवशी एक आजोबा आणि आजी आले. आजोबांचे आयुष्य कुलपे दुरुस्त करण्यात गेले होते. त्यांच्या पोटातल्या गाठीवर जुने सगळे उपचार करून झाले होते आणि आता या नव्या औषधावरच त्यांची सारी भिस्त होती. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर कुणीतरी आजींच्या कानात सांगितले, "वजन घटलं की यातून नाव कापतात हं!"

आजींच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी डॉक्टरांना विचारले असते तर माझी ही गोष्टच घडली नसती. पण त्यांनी विचारले सुईदोऱ्याला. आजोबांच्या कोटाला आतून खिसे शिवले आणि त्यात कुलपे भरली.

पुढच्या खेपेस आजोबा माझ्यावर चढले तेव्हा पाटाला जरा खणखणाट जाणवला. आजोबा मोठ्याने खोकले. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, कोट काढा ना."

"थंडी वाजते हो," आजोबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी काय करणार? जे पाटावर आले ते तोलले. आकडा वाढला, म्हणून औषधही वाढले. मित्रांनो, कुलपांना काही कर्करोग झाला नव्हता, पण त्यांच्या वाट्याचे औषध आजोबांच्या शिरेत जाऊ लागले. त्याने त्यांना मळमळ सुटली, अन्न नकोसे झाले आणि ते आणखी वाळले. ते वाळले म्हणून आजींनी आणखी एक खिसा शिवला. आजोबांचे गाल बसत चालले आणि माझा आकडा चढत चालला.

सिस्टरांना हे कोडे सुटेना. त्यांनी काटे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने आपली मापे ठेवून मला तपासले. मी अगदी बिनचूक निघालो. तरी तो डोके खाजवत म्हणाला, "जुन्या काट्यांना अशी लहर येते. भंगारात टाका, नवीन घ्या."

लहर? मला? इतका राग आला की दांडी थरथरली. त्याला वाटले, आणखी एक बिघाड!

तो मला आडवा करून उचलत होता, इतक्यात आजोबा आणि आजी दारात आले.

"याला कुठं नेताय?" आजोबांनी विचारले.

"भंगारात. खोटं बोलतो."

आजोबा जागच्या जागी थांबले. आजी त्यांची बाही ओढत पुटपुटल्या, "अहो, गप्प बसा."

"नाही गं. चांगलं हत्यार माझ्यामुळं भंगारात गेलेलं मला चालायचं नाही."

असे म्हणून त्यांनी कोट काढून टेबलावर ठेवला. टेबल करकरले. एकेक करून कुलपे बाहेर येऊ लागली. कपाटाचे, पेटीचे, सायकलचे. शेवटी दुकानाच्या दाराचे भले मोठे कुलूप निघाले, तेव्हा कारागीरसुद्धा मटकन खाली बसला.

आजींना रडू आवरेना. "यांचं नाव कापू नका हो!"

डॉक्टर मॅडम धावत आल्या. आधी त्यांचा चेहरा उतरला, मग त्यांनी आजींचा हात धरला. "आजी, वजन घटलं म्हणून आम्ही कुणाला काढत नाही. औषध तेवढं कमी करतो. आणि आजोबांना काय सोसतं यावरूनच पुढच्या रुग्णांचं औषध ठरणार. त्यांच्या खिशात काही कुलपं नसतील!"

औषध आजोबांच्या खऱ्या मापाचे झाले. मळमळ ओसरली. मीही माझ्या कोपऱ्यात परतलो आणि सिस्टरांनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसले.

म्हणून मित्रांनो, माझ्यावर जे आहात तसेच या. आकडा आवडला नाही तर डॉक्टरांना विचारा, सुईदोऱ्याला नको. आणि आम्हा जुन्या काट्यांना भंगारात काढण्याआधी एकदा माणसांचे खिसे तपासा.

परवा आजोबा पातळ सदऱ्यात माझ्यावर चढले. आकडा वाढला होता. सिस्टरांनी डोळे बारीक केले. "आजोबा, खिसे!"

दोन्ही खिसे रिकामे. आजी घाईघाईने म्हणाल्या, "या वेळी मी काही शिवलं नाही हो!"

सिस्टरांनी आजोबांना उतरवले आणि पुन्हा चढवले. पितळी वजन हळूहळू सरकवले. आजोबांनी, आजींनी आणि सिस्टरांनी, तिघांनीही श्वास रोखला. खरे सांगतो, मीसुद्धा रोखला. दांडी सरळ झाली. आकडा तोच होता, आणि तो सगळाच्या सगळा आजोबांचा होता.