हात खाली

"हात खाली! किती वेळा सांगायचं गं तुला? हात खाली ठेव!"

सासूबाई कांद्याच्या वाफ्यात उभ्या राहून ओरडत होत्या, आणि ज्या बाईवर ओरडत होत्या तिला जन्मापासून काडीचंही ऐकू येत नाही. ती माझी धाकटी जाऊ. तिनं सासूबाईंचा चेहरा पाहिला, पोरीशी बोलायला उचललेले हात खाली घेतले आणि विळा उचलून कांद्याची पात कापायला लागली. बांधावर बसलेली पोर आईच्या हातांकडे बघतच राहिली. हात आता काही बोलेनात.

पोरीला आम्ही गोटी म्हणतो. तीही आईसारखीच, बहिरी जन्मलेली. शहरातल्या दवाखान्यात तिच्या कानामागे ऑपरेशन झालं, जखम भरली आणि मशीन लागलं. कानावर एक तुकडा, त्याच्या वायरीला गोल चकती, ती चुंबकानं डोक्याला चिकटते. मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पोर जिवाच्या आकांतानं किंचाळली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती आईच्या कुशीत तोंड खुपसून थरथरत होती.

तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्ही दवाखान्यातून निघताना बजावलं, "आता हातवारे बंद. खुणा केल्या तर ती ऐकायचा कंटाळा करेल. नुसती हाक मारा." बाई भल्या होत्या, पोटतिडकीनं सांगत होत्या. सासूबाईंनी ते शब्द घरी आणले आणि घराला कुलूप लावावं तसे लावून टाकले. खुणा बंद झाल्या. ढेकूळही बंद.

ढेकळाचं सांगायला हवं. धाकटीला शेतात हाक मारायची आमची रीत म्हणजे मातीचं ढेकूळ तिच्या पायांपुढे पडेल असं टाकायचं. लागू द्यायचं नाही, फक्त पडलेलं दिसलं पाहिजे. ते फुटलं की ती मान वर करून बघते. गोटीलाही तीच सवय. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिलं ढेकूळ धाकटीच्या डोक्यातच घातलं होतं, आणि त्यावरून ती मला अजून चिडवते.

खरं तर ऑपरेशनला पहिला होकार धाकटीचाच होता. मागून येणारी गाडी तिला कधी कळली नाही. एकदा ट्रॅक्टर मागे घेताना तिला वाफ्यात लोळवून गेला. पोरीचं तसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात. पण हात बंद झाले आणि ती धास्तावली. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला आडोशाला ओढलं. आधी गोटीच्या कानाकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि स्वतःकडे पाठ फिरवून दाखवली. ती ऐकायला लागेल, तुमच्याकडे बघेल, माझ्याकडे पाठ करेल. मी तिला वेडी म्हणाले, डोक्यात टपली मारली. पण खरं सांगते, मलाही भीती वाटली होती. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन शब्द घोकवायच्या आणि आई दारात उभी राहून परक्या बाईसारखी बघायची. ते मला बघवत नव्हतं.

तर त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. माती तापून भेगाळली होती. वाफ्यालगतचा कालवा कोरडा ठक्क पडलेला, तळाला नुसती वाळू. गोटी कधी बांधावरून उतरून त्या वाळूत खेळायला गेली, ते आम्हाला कळलंच नाही.

आणि भोंगा वाजला.

पाणी सोडायच्या आधी पाटकरी गेटवर भोंगा वाजवतो. आम्ही इतकी वर्षं ऐकतोय, भोंगा वाजला की कालव्यातून वर यायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. गोटीनं तो जन्मात पहिल्यांदा ऐकला. मी मान वळवली तेव्हा ती दोन्ही कान दाबून धावत होती. वर येत नव्हती, गाडीवाटेखालच्या मोरीकडे धावत होती. मोरी म्हणजे सिमेंटचा एक नळा, मोठं माणूस आत मावणार नाही असा. पोर त्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

"अहो, गेट बंद करायला सांगा!" मी भावजींना ओरडून सांगितलं. गोटीचे वडील ते. विळा टाकून गेटकडे जीव तोडून पळाले. पण गेट वळणापलीकडे, आणि पाणी सुटलेलं असणार हे मलाही माहीत होतं आणि सासूबाईंनाही.

सासूबाई मोरीच्या वरच्या तोंडाशी गेल्या, मी खालच्या. "गोटे! ये बाहेर! गोटे गं!" आम्ही दोन्हीकडून घसा फोडत होतो. नळ्यात आमचा आवाज घुमून परत आमच्याच अंगावर येत होता. मला आत ती दिसत होती. गुडघ्यांत डोकं, डोळे गच्च मिटलेले. आम्ही जितकं ओरडू तितकी ती मधे सरकत होती. मशीन एकाच कानाला असलं की आवाज कुठून येतोय ते कळत नाही, हे बाईंनी आम्हाला पुढे समजावलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी हाक मारतेय आणि माझ्या हाकेनं पोर मरणाकडे सरकतेय.

तरी माझं तोंड बंद होईना. भीतीनं माणूस दुसरं करतो काय?

तेवढ्यात कुणीतरी माझ्या तोंडावर तळहात दाबला. धाकटी होती. आम्ही पळालो ते बघून ती मागे धावली होती, भोंगा काय नि हाका काय, तिला काहीच माहीत नव्हतं, पण आमची उघडी तोंडं आणि आत आत सरकणारी पोर तिला दिसली. तिनं मला बाजूला लोटलं, वर चढून सासूबाईंना दंडाला धरून मोरीपासून मागे ओढलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या मागेच थांबल्या. मग परत खाली आली, काठाचं ढेकूळ उचललं आणि नळ्यात टाकलं.

ते पोरीच्या पायांपुढे पडून फुटलं, माती तिच्या पायांवर उडाली.

गोटीनं डोळे उघडले. नळ्याच्या तोंडाशी उजेडात आई बसलेली. आईनं दोन्ही हात पुढे केले आणि छातीशी ओढले. ये. पुन्हा केले. ये. चेहऱ्यावर घाई नाही, राग नाही. तिच्या मानेची शीर उडताना मी शेजारून बघत होते, म्हणून मला माहीत, तिचं काय होत होतं ते.

पोर रांगत निघाली. वरून सासूबाई ओरडल्या, "पाणी आलं गं, पाणी!" काटक्या, पालापाचोळा पुढे ढकलत फेसाळ पाणी नळ्यात शिरलं. गोटीचा हात हाती लागला तसा धाकटीनं तिला ओढलं, मी धाकटीला ओढलं, आणि आम्ही तिघी काठावर मातीत आडव्या झालो.

भावजी धापा टाकत आले, त्यांनी पोरीला उचलून छातीशी धरलं. म्हणाले, "ते मशीन काढून ठेवा. नको आपल्याला. आवाजानंच पोर गेली असती."

सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली. त्या घडीला मला ते मशीन विहिरीत फेकावंसं वाटत होतं. गोटी तर ते कानाजवळही आणू देईना, डब्यात ठेवलं तरी लांबून बघून रडायची.

सगळ्यांत जास्त जिला त्याची धास्ती, तिनंच ते डब्यातून काढलं. पुढच्या पाळीला पाणी सुटायचं होतं त्या सकाळी धाकटीनं चकती पुसली, पोरीला मांडीवर घेऊन लावली. पोर रडली, तिनं ओढून काढली, हिनं परत लावली. मग तिला घेऊन गेटजवळ कालव्याच्या काठावर बसली आणि मला खुणेनं सांगितलं, वाजला की माझ्या खांद्याला हात लाव.

भोंगा वाजला. मी हात लावला. गोटीनं किंचाळून आईला मिठी मारली. धाकटीनं तिची हनुवटी वर केली आणि हातांनी सांगितलं. पोरीच्या कानाकडे बोट, मग बोटं लाटेसारखी हलवत पुढे, मग वर, काठाकडे. हे वाजलं की पाणी येतं. वर यायचं. थोड्या वेळानं पाणी आलंच. पोर पाण्याकडे बघत राहिली.

सासूबाई मागे उभ्या होत्या. मला वाटलं आता म्हणतील, हात खाली. पण त्यांनी पाटकऱ्याला हाक मारली, म्हणाल्या, "अरे, अजून एकदा वाजव. काही बिघडत नाही तुझं."

पाटकऱ्यानं डोक्याला हात लावला आणि वाजवला.

धाकटी तेव्हा पोरीची चप्पल घ्यायला दोन पावलं खाली उतरली होती, पाण्याच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून. तिला काही कळलं नाही, कळणार कसं? गोटी दचकली, पण या वेळी किंचाळली नाही. आईच्या पाठीकडे बघत राहिली. आई वळत नाही. आई वर येत नाही. पोरीचा चेहरा बदलला. आपल्याला ऐकू येतं ते आईला येत नाही, हे तिला त्या क्षणी समजलं.

हे कळलं की पोर पाठ फिरवेल, हीच तर धाकटीची भीती होती.

गोटी घसरत खाली गेली, आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जोर लावून तिला वर ओढायला लागली.