तिवईवर बूट

देवापुढे बसायच्या तिवईवर बूट घालून चढणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मित्रांनो. मी तर त्याला सुताराचा मुलगा म्हणायचं केव्हाच सोडलं. मीच ती तिवई. जुनी आहे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कोण कसा बसतो यावरून त्याची लायकी ओळखते.

म्हाताऱ्या सुताराने मला बायकोसाठी केलं. तिचे गुडघे गेले होते, जमिनीवर बसवत नव्हतं. एका दाराच्या चौकटीतून उरलेलं लाकूड त्याने तासलं आणि मला तीनच पाय लावले, कारण देवाचा कोपरा त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यातच होता, आणि तिथली जमीन खडबडीत, चार पायांचं काहीही डुगडुगायचं.

"मध्यभागी बस," त्याने बजावलं. "कडेला भार टाकलास तर उलटेल."

"उलटू दे. देवाने मला याहून वाईट अवस्थेत पाहिलंय."

तिची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. आधी कपड्यांवरचा भुसा झटकायचा, हात धुवायचे, वहाणा दाराबाहेर काढायच्या. मग डोकं खाली घालून बराच वेळ गप्प बसायचं. आणि मग बापाशी बोलावं तसं थेट बोलायचं. "त्या लाकूडवाल्याने पुन्हा ओलं लाकूड माथी मारलं, त्याच्याकडे बघ जरा." "ह्यांचा खोकला काढून घे, नाहीतर कारण तरी सांग." शेवटी मात्र रोज एकच, "मी मागितलं. आता तुझी मर्जी."

खोकला गेला नाही, सुतार गेला. कारणही कळलं नाही. तरी ती बसायची थांबली नाही.

मुलाने मात्र मला कोपऱ्यातून उचलून दाराशी टाकलं आणि माझ्यावर लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा ठेवला. ते डाग अजून आहेत. आईला म्हणाला, "खुर्चीवर बस ना. देवाला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत. मला पडतो."

मग एका सकाळी ह्या चिरंजीव साहेबांनी दारावरची बापाच्या नावाची पाटी उतरवायला घेतली. म्हणे, जुन्या नावाला गिऱ्हाईक येत नाही. शिडी शेजाऱ्याने नेलेली, म्हणून बुटांसकट माझ्यावर चढला.

"ती त्यांनी स्वतःच्या हाताने कोरलीय," आई म्हणाली. "खाली उतर."

"आई, तू जा, तुझी प्रार्थना कर."

ती गेली. कोपऱ्यात उभ्यानेच, गुडघे धरून म्हणाली, "देवा, ह्याला खाली आण. मी मागितलं. आता तुझी मर्जी."

शेवटच्या खिळ्याकडे हात लांबवताना त्याने सगळा भार कडेला टाकला. सुताराच्या पोटी जन्मलेला, लहानपणापासून तिवया जोडत आलेला माणूस! मी उलटले. मित्रांनो, मला त्याचा पस्तावा नाही. सरसाचा एकेक डाग वसूल झाला.

उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण बोटं मिटेनात. रंधा धरता येईना, आणि रंधा सुटला की सुतार संपला. तेव्हा डाव्या हाताने पुसून त्याने मला परत कोपऱ्यात आणून ठेवलं. बसायची मात्र हिंमत होईना. दाराआड उभा राहून म्हणाला, "आई, तूच सांग ना देवाला, माझा हात बरा कर म्हणून. तुझं ऐकतो तो. मला तोंड नाही राहिलं."

मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. जी वस्तू ज्या कामासाठी केली, तिला त्या कामाचा मान द्या. लाकूड वाळतं, पण त्यातला राग वाळत नाही.

आई त्याच्याबरोबर खाली आलेल्या पाटीवरची धूळ पुसत होती. मान वर न करता ती त्याला म्हणाली, "मी नाही सांगणार. मी तुला माफ केलेलं नाही, आणि करेन असं दिसतही नाही. तेव्हा माझ्यामार्फत जाऊ नकोस, वाटेतच अडकशील. बूट काढ, हात धू, मध्यभागी बस. चोरासारखं दाराआडून मागू नकोस आणि मजुराला सांगतोस तसं फर्मावूही नकोस. हवं ते सरळ माग, मग त्याच्यावर सोड. तो ऐकेल तुझं. नशीब समज, मी देव नाही."