पायाखालचं पाणी

आप्पांनी चाळीस वर्षं प्लंबिंगची कामं केली. पाणी कुठून झिरपतंय हे त्यांना नुसतं बोट लावून कळायचं. त्याच आप्पांसाठी सुनेने एक दिवस गाडीच्या पुढच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "असू द्या आप्पा, वयोमानाने होतं असं."

झालं होतं एवढंच, की आप्पा जिथे बसत तिथलं खालचं कार्पेट ओलं व्हायला लागलं होतं.

"अरे, माझी पँट कोरडी, सीट कोरडी," आप्पा मुलाला म्हणाले. "भिजलेत ते फक्त मोजे. पाणी काय मधला मुलूख सोडून खाली उतरतं? गाडीतच कुठेतरी गळतंय, बघून घे."

"आप्पा, विषय कशाला वाढवता?" मुलगा म्हणाला.

घरची माणसं फार समंजस. इतकी, की कार्पेटला कुणी हात लावून पाहिला नाही, वास घेणं तर लांबच. त्यांनी आरडाओरडा केला असता तर आप्पा भांडले असते. पण या मायेपुढे त्यांनी हात टेकले. पुढे पुढे तर त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. गाडीत बसायचं असलं की ते सकाळपासून घोटभर पाणी पीत नसत. कार्पेट तरीही ओलंच.

अशात अक्का आजारी पडली. आप्पांची मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. राहायची चार तासांच्या अंतरावर. फोनवर म्हणाली, "एकदा तोंड दाखवून जा रे."

आप्पा रोज विचारत, कधी निघायचं? मुलगा रोज म्हणे, "बघू. लांबचा प्रवास आहे, हाल होतील." कुणाचे हाल, ते त्याने कधी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी अक्का गेली. आप्पा चपला घालून दारात उभे राहिले. मुलगा म्हणाला, "तुम्ही घरीच थांबा, आम्ही जाऊन येतो." सुनेने सीटवरचं प्लास्टिक काढलं, घडी घालून आत ठेवलं आणि दोघं निघून गेली. आप्पांनी चपला काढल्या.

संध्याकाळी दोघं परतली. सून पुढच्या सीटवरून उतरली तेव्हा तिच्या चपला चपचप वाजत होत्या. आप्पांनी ते पाहिलं. तिनेही आप्पांनी पाहिलेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन गॅरेजमध्ये निघाला, तेव्हा आप्पा न विचारता मागे जाऊन बसले.

गॅरेजमध्ये दोघं उतरले, मेकॅनिक गाडीखाली सरकला. एसीच्या नळीत त्याने तार घातली, दोनदा फिरवली. कुजलेल्या पानांचा काळा बोळा बाहेर पडला आणि पाठोपाठ पाण्याची धार लागली.

"नळी तुंबली होती साहेब. बाहेर जायचं पाणी आत सांडत होतं. किती दिवस चाललंय?"

"दोन महिने."

"आणि कळलं नाही?"

मुलगा आप्पांकडे वळून म्हणाला, "आप्पा, तुम्हाला यातलं कळतं. जरा जोर लावून सांगायचं ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच विचारायचं, ओरडला का नाहीस!

आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले. नळीखाली ओंजळ धरली, भरली आणि मुलाच्या नाकाशी नेली.

"वास घे."

"आप्पा, लोक बघताहेत."

"बघू देत. घे वास."

मुलाने मान खाली घातली. पाणी आप्पांच्या बोटांमधून हळूहळू गळून गेलं.

काम दहा मिनिटांत झालं. मुलाने पुढचं दार उघडून धरलं. "बसा आप्पा. आता पाय नाही भिजायचे."

आप्पा हात पुसत तिथेच उभे राहिले.

"आता कुठे जायचंय मला?"